बुचाभोवतीची पांढरी कड

त्यांना विद्यार्थी मामा म्हणत, प्राध्यापक मामा म्हणत, आणि काही काम निघालं तर प्राचार्यही मामाच म्हणत. काम नसलं की प्राचार्यांच्या तोंडी ते 'प्रयोगशाळा परिचर' होत, कारण कागदोपत्री तसं होतं. सत्तावीस वर्षांत दीड-दोन हजार भाचरं जमवलेल्या या माणसाला सख्खी बहीण एकही नव्हती.

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून एक तयारीची खोली होती. एक मोरी, एक तराजू, भिंतभर फळ्या आणि पूर्वेला खिडकी. खोलीची किल्ली मामांच्या खिशात, नाडीला बांधलेली. खिडकीत जुन्या डब्यांमध्ये नऊ झाडं होती. पानं लांबट, वरून हिरवी आणि खालून गडद जांभळी. या झाडांना फुलं यायची ती कुणी पाहत नसे. त्यांचं सगळं महत्त्व पानाच्या जांभळ्या बाजूला होतं. पात्याने हलकी चीर द्यायची, पान तिरकं मोडायचं आणि ओढायचं, की एक पारदर्शक साल सुटून येते. ती फक्त एका पेशीच्या जाडीची असते. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की फरशा बसवल्यासारख्या जांभळ्या पेशी दिसतात, काठोकाठ भरलेल्या. मग काचपट्टीवर मिठाच्या तीव्र पाण्याचा थेंब सोडायचा आणि वाट पाहायची. दोन-तीन मिनिटांत पेशीतलं पाणी बाहेर निघू लागतं, जांभळा रंग भिंतीपासून सुटतो आणि मधोमध गोळा होऊन बसतो. पुस्तकात याला रससंकोच म्हणतात.

मामा पुस्तकातला शब्द वापरत नसत. ते म्हणायचे, "पेशीला बाहेरून भिंत असते आणि आतून पडदा. भिंत येईल त्याला आत सोडते. पडदा विचारून सोडतो. पाण्याला हो म्हणतो, मिठाला नाही. मग बाहेर मीठ जास्त झालं की बिचारं पाणीच उठून बाहेर जातं." आणि पुढे हेही सांगायचे, की लगेच साध्या पाण्यात घातली तर पेशी पुन्हा भरते, फार वेळ मिठात ठेवली तर नाही भरत.

मामींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, या ज्ञानाबद्दलचं मत ठरलेलं होतं. तिकडे शंभर मिलिलिटरला पाच ग्रॅम मीठ तोलून घालणारा माणूस घरी चिमूटभर म्हटलं की मूठभर घालतो, हे ती आल्यागेल्याला सांगत असे. त्यामुळे घरच्या मिठाच्या बरणीला हात लावायची मामांना मनाई होती.

परीक्षेचा मात्र सगळा भार त्यांच्या मिठावर असे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मांडणीत तीन बाटल्या असायच्या: अ, ब आणि क. एकीत तीव्र मीठपाणी, एकीत हलकं, एकीत साधं पाणी. विद्यार्थ्याने तिन्हींत साल बुडवून, सूक्ष्मदर्शकातून पाहून, चित्रं काढून कशात काय ते ओळखायचं. कोणत्या अक्षरात काय, हे ठरवायची मामांची स्वतःची पद्धत होती. परीक्षेच्या दिवशी सकाळी चहाच्या मगात तीन चिठ्ठ्या टाकायच्या, मग हलवायचा, निघेल तसं भरायचं. तोच क्रम कागदावर लिहून पाकिटात बंद करायचा आणि उत्तरपत्रिका गोळा झाल्यावर बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या हातात द्यायचा. तोवर तो क्रम जगात फक्त एका माणसाला माहीत असे. कुणी लाडीगोडी लावून विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, "पेशीला विचार."

हा नियम त्यांना कुणी घालून दिला नव्हता. म्हणूनच त्यांनी तो सत्तावीस वर्षं पाळला. तो मोडला तो एकदाच, आणि मॅडमसाठी.

मॅडम चौदा वर्षांपूर्वी याच प्रयोगशाळेत विद्यार्थिनी होत्या. पहिल्या प्रात्यक्षिकाला त्यांच्याकडून साल सतरा वेळा फाटली. अठराव्यांदा त्या तयारीच्या खोलीत येऊन मोरीपाशी रडत उभ्या राहिल्या. मामांनी त्यांना झाडापाशी नेऊन सांगितलं, "शेंड्याकडून तिसरं पान घे. पहिलं कोवळं असतं, फाटतं. खालचं जून, सुटत नाही." तिसऱ्या पानाची साल एका ओढीत निघाली. पुढे त्या पहिल्या आल्या, बाहेर शिकायला गेल्या आणि परत आल्या त्या व्याख्याता होऊन. रुजू झाल्या त्या दिवशी प्राचार्यांच्या आधी तयारीच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "मामा, बाहेर सगळ्यांसमोर मॅडम म्हणा. इथं आत आलात की मी तीच." त्या दिवशी मामांनी घरी ही गोष्ट तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा मामी म्हणाली, "कळलं हो, भाची लागली नोकरीला."

त्या वर्षी मात्र मॅडमचं बरं चाललं नव्हतं. त्या अजून हंगामी होत्या, कायम करायचं की नाही हे त्या सत्रानंतर ठरणार होतं. आणि आदल्या वर्षी त्यांच्या वर्गातले सव्वीसपैकी अकरा जण प्रात्यक्षिकात गळाले होते. प्राचार्यांनी त्यांना बोलावून निकालाबद्दल 'सहज' विचारलं होतं. प्राचार्य सहज विचारतात तेव्हा दार लावून घेतात.

परीक्षेच्या आदल्या दिवशी अडचण मामांकडेच निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मामीचे डोळे तपासायचे होते. तेव्हा त्यांनी बाटल्या आदल्या संध्याकाळीच भरून ठेवल्या. चिठ्ठ्या निघाल्या: अ मध्ये तीव्र, ब मध्ये साधं, क मध्ये हलकं. साडेपाचच्या सुमाराला मॅडम आत आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, की उद्या तुम्ही उशिरा येणार, मध्येच परीक्षकांनी काही विचारलं तर मला कशात काय ते ठाऊक हवं ना. म्हणणं रास्त होतं. मामांनी सांगून टाकलं. सत्तावीस वर्षांचा नियम मोडायला अर्धं मिनिटही लागलं नाही. उलट नवीन माणसाच्या हाती सगळं नीट सोपवल्यासारखं त्यांना बरंच वाटलं.

सकाळी मामीने बेत बदलला. डॉक्टरकडे ती आपल्या बहिणीबरोबर जाणार होती. "डोळे माझे तपासायचेत, तुमचे नाहीत. तिथे बसून घड्याळ बघत बसाल," ती म्हणाली. मामा साडेसातलाच कॉलेजात पोचले.

तयारीची खोली उघडल्याबरोबर त्यांना ती दिसली. 'अ' बाटलीच्या बुचाभोवती पांढरी कड आली होती. तीव्र मीठपाणी रात्रभर बाटलीत राहिलं की बूच आणि काच यांच्या फटीतून वर चढतं आणि सुकून मिठाची कड धरतं. बाटल्या सकाळीच भरायच्या, या पद्धतीचं खरं कारण हेच होतं. हे ते विसरले नव्हते, त्यांनी फक्त मामीच्या डोळ्यांना पुढे घातलं होतं. सूक्ष्मदर्शकाला डोळा न लावताही कुणी नुसती बाटली पाहून उत्तर सांगितलं असतं.

त्यांनी तिन्ही बाटल्या ओतून दिल्या, धुतल्या, पुसल्या, मीठ नव्याने तोललं आणि हाताला सवय होती म्हणून चिठ्ठ्याही नव्याने काढल्या. आता क मध्ये तीव्र, अ मध्ये साधं पाणी, ब मध्ये हलकं. क्रम लिहून पाकीट खिशात ठेवलं. मॅडमना सांगायला गेले, तर त्या परीक्षकांना घेऊन प्राचार्यांकडे बसल्या होत्या. मग आपण आहोतच की इथे, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडला.

परीक्षेला चोवीस विद्यार्थी होते. साधारण दीड तास लागणारं काम त्यांतल्या तेवीस जणांनी चाळीस मिनिटांत उरकलं. मामांना कौतुकच वाटलं. मागच्या बाकावर एकटी एक मुलगी राहिली. ती गेल्या वर्षीच्या अकरांतली, दुसऱ्यांदा बसलेली, आणि आता राहिली असती तर तिला कॉलेज सोडावं लागलं असतं. वर्गात फार शंका विचारते म्हणून शिक्षकांच्या खोलीत तिला 'प्रश्नचिन्ह' म्हणत. ते तिला माहीत होतं आणि त्यावरही तिला एक-दोन शंका होत्या. तिची साल तीनदा फाटली. चौथी निघाली. तिने चित्र काढलं, शेजारच्या मुलाच्या कागदाकडे ओझरतं पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, आपलं चित्र खोडलं, पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आणि खोडलेल्या जागी तेच चित्र पुन्हा काढलं.

उत्तरपत्रिका गोळा झाल्या. परीक्षक चहाला गेले. मामा काचपट्ट्या आवरू लागले. पहिल्या टेबलावर 'अ' ची पट्टी अजून सूक्ष्मदर्शकाखाली होती. त्यांनी सवयीने डोळा लावला. पेशी काठोकाठ भरलेल्या, असायला हव्यात तशाच. बाजूलाच गोळा केलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, सगळ्यांत वर त्याच विद्यार्थ्याचा कागद. त्यावर 'अ' खाली पेशी आकसलेली, रंग मधोमध गोळा झालेला, सावल्या भरून, बाण दाखवून, सुरेख. मामांनी दुसरा कागद पाहिला. मग तिसरा. तेवीस विद्यार्थ्यांनी साध्या पाण्यात रससंकोच पाहिला होता, आणि सगळ्यांनी तो एकाच बाजूने पाहिला होता.

चांगल्या माणसासारखा त्यांना पहिला संशय स्वतःचाच आला. आपणच बाटल्या उलटसुलट भरल्या असणार. त्यांनी 'अ' आणि 'क' चे नवे थेंब घेऊन नव्या साली तपासल्या. बाटल्या बरोबर होत्या. मग त्यांनी कागदांवरची उत्तरं वाचली: अ तीव्र, ब साधं, क हलकं. हा क्रम त्यांच्या ओळखीचा होता. तो आदल्या संध्याकाळी साडेपाचला त्यांच्याच तोंडून निघाला होता आणि एकाच माणसाच्या कानात गेला होता. सकाळी तो त्यांनी मोरीत ओतून दिला होता.

ते तयारीच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले. आदल्या दिवशी मॅडम बसल्या होत्या तेच स्टूल.

मॅडम आल्या त्या खुशीत. मुलांनी छान लिहिलं, म्हणाल्या. मामांनी नुसतं सांगितलं, की सकाळी बाटल्या धुवून नव्याने भरल्या, आता तीव्र 'क' मध्ये आहे. मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी मागे वळून दार लोटून घेतलं.

"पाकीट दिलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून. खिशात आहे."

"मग दुसरं लिहा ना मामा. अ तीव्र, ब साधं, क हलकं. बाटल्या मी धुवून टाकते. कुणाला काही कळायचं नाही."

"तू सांगितलंस पोरांना?"

"सगळ्यांना नाही हो सांगितलं. एकाला म्हटलं, अ कडे जरा नीट बघ. तेवढंच. पुढे त्यांनी आपसात..."

मामांनी बाहेरच्या रिकाम्या मागच्या बाकाच्या दिशेने हात केला. "हिला नाही सांगितलं कुणी. हिने क मध्ये आकसलेली काढलीय. मी दुसरं लिहिलं तर ही एकटी चुकणार."

"ती बसेल ना पुढच्या वेळी."

"ही तिची पुढचीच वेळ आहे."

मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही मला पोरीसारखं मानता ना, मामा?"

"म्हणून तर काल सांगितलं," मामा म्हणाले, आणि पाकीट घेऊन बाहेर गेले.

परीक्षक किडकिडीत, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी पाकीट फोडलं, कागद वाचला, चोवीस उत्तरपत्रिका चाळल्या, उठून स्वतः तिन्ही पट्ट्या पाहिल्या आणि परत येऊन बसले. बरोबर उत्तरंसुद्धा इतकी एकसारखी येत नाहीत, असं त्यांनी कपात बघत सांगितलं. मग विचारलं, की बाटल्यांबद्दल कुणाकुणाला माहीत होतं.

मॅडम म्हणाल्या, "बाटल्या मामाच भरतात, सर. खोलीची किल्लीही त्यांच्याकडेच असते."

दोन्ही वाक्यं खरी होती. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या टेबलाकडे पाहत होत्या. मामांनी मग आपला गुन्हा सांगितला: काल भरल्या, काल मॅडमना क्रम सांगितला, आज बदलला. सगळं, वेळेसकट.

"मामांचा काहीतरी घोटाळा होतोय," मॅडम म्हणाल्या. "काल मी चारलाच घरी गेले होते."

सतरा वेळा फाटलेली साल, मोरी, तिसरं पान, यातलं काहीच पुरावा म्हणून देण्यासारखं नव्हतं.

मागच्या बाकावरच्या मुलीला परीक्षकांनी तिथल्या तिथे उत्तीर्ण केलं. तिने जाताना विचारलं, की तिचं एकटीचंच बरोबर कसं आलं. त्यांनी तिला सांगितलं, की तिने पाहिलं म्हणून. बाकी तेवीस जणांची परीक्षा आठवड्याने पुन्हा घ्यायची ठरली. मुलांनाही विचारण्यात आलं. प्रत्येकाने सांगितलं, की ग्रुपवर निरोप आला. ग्रुपवर कुणी टाकला, तर ज्याला आला त्याने. पहिल्यांदा कुणाला आला हे कुणालाच आठवत नव्हतं.

प्राचार्यांनी चौकशी समिती नेमली. विषय कळणारं कुणीतरी हवं म्हणून तीत मॅडमना घेतलं. समितीपुढे एक अडचण होती: मामांनी क्रम फोडला असता तर खरा फोडला असता, सकाळी ओतून दिलेला कशाला फोडतील? समितीने यावर विचार केला आणि तोड काढली. मामांनी आदल्या दिवशी क्रम फोडला, सकाळी त्यांना भीती वाटली, आणि त्यांनी तो बदलला. सगळं बसलं. अहवाल येईपर्यंत किल्ली मॅडमकडे द्यावी असं ठरलं. मामांनी नाडीची गाठ सोडायला घेतली. इतक्या वर्षांची ती सुटेना, तेव्हा त्यांनी नाडीसकट किल्ली टेबलावर ठेवली.

फेरपरीक्षेच्या दिवशी मामांना बाहेर व्हरांड्यात स्टुलावर बसायला सांगितलं होतं, लागलंच काही तर असावेत म्हणून. दार उघडं होतं. बाटल्या दारासमोरच्याच टेबलावर मांडल्या होत्या. मामांना जवळचं चष्म्याशिवाय दिसत नसे, पण लांबचं स्वच्छ दिसे. 'ब' बाटलीच्या बुचाभोवती पांढरी कड होती. बाटल्या आदल्या संध्याकाळी भरलेल्या होत्या. मॅडमना तिसऱ्या पानाचं त्यांनी शिकवलं होतं. कडेचं शिकवायची वेळ कधी आली नव्हती.

त्यांना वाटलं, आपल्या डोळ्यांदेखत परीक्षा फुटतेय. ते उठून दारापाशी गेले. "मॅडम, त्या बुचावर..."

"मामा, तुम्हाला बाहेर बसायला सांगितलंय," मॅडम म्हणाल्या. सगळ्यांसमोर, परीक्षकांसमोर.

पडदा म्हणजे काय हे मामा सत्तावीस वर्षं शिकवत होते. ते परत येऊन स्टुलावर बसले. आतली मुलं एकामागून एक टेबलाशी आली, बाटल्यांकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि सूक्ष्मदर्शकांवर निवांत वाकली.

तेवीसच्या तेवीस बरोबर आले. इतका निकाल त्या विभागाने कधी पाहिला नव्हता. समितीने अहवालात नोंद केली, की परिचर तयारीत नसताना विद्यार्थ्यांनी उत्तम कामगिरी केली, यावरून काय ते स्पष्ट होतं. मामांवर पुढे कारवाई करू नये अशी शिफारसही केली, त्यांची सेवा पाहता. ही ओळ मॅडमनीच सुचवली होती असं मामांना कुणीतरी येऊन सांगितलं. सांगणाऱ्याला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

त्यांची बदली ग्रंथालयात झाली. काम होतं पुस्तकांची धूळ झटकायचं आणि परत आलेली पुस्तकं जागेवर लावायचं. घरी त्यांनी ही गोष्ट एकदाच सांगितली. मामी भांडी विसळत होती, ती थांबली. एरवी तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर शेरा असायचा. त्या दिवशी तिने जेवताना मिठाची बरणी न बोलता त्यांच्या ताटाजवळ सरकवली. मामांनी ती तशीच परत केली.

सव्वा महिन्याने मॅडम कायम झाल्या. त्याच आठवड्यात विभागातला शिपाई ग्रंथालयात एक चिठ्ठी घेऊन आला. अक्षर मॅडमचं. 'मामा, झाडांची पानं हल्ली फिकट पडताहेत, साल जांभळी निघत नाही. पाणी किती घालता, ऊन किती लागतं, ते कळवावं. तुम्ही आहात कसे?'

मामांनी चिठ्ठी दोनदा वाचली. झाडं खिडकीतून हलवून कपाटाच्या मागे ठेवली असणार, हे त्यांना वाचताक्षणी कळलं होतं. जांभळ्या रंगाला ऊन लागतं. शिपाई दारात थांबला होता. त्यांनी चिठ्ठी उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूवर एकच ओळ लिहिली आणि त्याच्या हातात दिली.

'बाटल्या परीक्षेच्या दिवशी सकाळी भराव्यात.'

त्यानंतर चिठ्ठी आली नाही.